भोपळ्यातली म्हातारी



ऑक्टोबर संपत आला की आपल्या पोंभुर्णा परिसरात हलक्या धानाची कापणी सुरू होते, जपमाळेचा महिना पूर्ण होतो आणि मृतांच्या स्मरणाचा नोव्हेंबर महिना दाराशी येतो. गेली काही वर्षे याच दिवसांत आपल्या घरांत आणखी एक पाहुणा येऊ लागला आहे. त्याचे नाव हॅलोविन. बालवर्गातील मुलांच्या दप्तरातून एक चिठ्ठी येते : ३१ तारखेला पाल्याला काळे कपडे घालून पाठवावे, सोबत टोकदार टोपी व झाडू असावा. मग आई रात्री बसून पुठ्ठ्याची टोपी चिकटवते, बाप नारिंगी कागदाचा भोपळा कापतो, आणि मूल आनंदाने नाचते.

यंदा काही तरुण आईवडिलांनी आम्हांला विचारले, "आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही लहान मुलांसाठी असा कार्यक्रम ठेवू या का? गोष्टी सांगू, बडबडगीते म्हणू, कागदाच्या वस्तू करू. मुले तेवढीच रमतील." त्यावर काही वडीलधाऱ्यांनी ठाम नकार दिला. "हा सैतानाचा सण आहे. ख्रिस्ती घरात त्याला जागा नको," असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर आम्हांला गेल्या वर्षीचा एक प्रसंग आठवला. प्रथम तो सांगतो.

शहरातल्या शाळेतून अशीच टोपी घालून आलेली एक चार वर्षांची चिमुकली गल्लीतल्या नळावर आली. तिथे एक वृद्ध विधवा पाणी भरत होती. पाठीत वाकलेली, दात पडलेली, एकटी राहणारी. मुलीने तिच्याकडे झाडू रोखला आणि ओरडली, "ही खरी चेटकीण!" नळावरचे सगळे हसले. आम्हीही हसलो. म्हातारी तेवढी हसली नाही. "लेकराले का समजते बापा," एवढेच म्हणाली, अर्धा भरलेला गुंड उचलला आणि निघून गेली. तिच्यामागे आमचे हसणे थांबले ते थांबलेच. कारण नळावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की, हा शब्द तिच्याबद्दल पहिल्यांदा उच्चारला गेला नव्हता. फक्त तोंडावर पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

म्हणून आज हा प्रश्न जरा नीट तपासू या. मुलांना भुतांचे सोंग घेऊन खेळू द्यावे का? आणि द्यायचे तर कुठपर्यंत?

पहिली गोष्ट ही की, हॅलोविन हा मुळात सैतानाचा सण नाही. हे नाव 'सर्व पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांवरून आले आहे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थान अर्पण केले. पुढच्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिम युरोपभर रूढ झाला. इ. स. ९९८च्या सुमारास फ्रान्समधील क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा घातली. याच दिवसांत आयर्लंडमधील जुन्या केल्टिक लोकांचा सुगी संपल्यानंतरचा सण येई. थंडी आणि काळोख सुरू होण्याच्या त्या दिवसांत मृतांचे आत्मे फिरतात अशी त्यांची समजूत होती. दोन्हींची सरमिसळ होत गेली. इंग्लंडमध्ये गरीब माणसे व मुले घरोघर जात, त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करू असे सांगत, आणि बदल्यात त्यांना लहान गोड पाव मिळत. 'आत्म्यांचे पाव' असेच त्यांना म्हणत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. मायदेशी ते सलगम कोरून दिवे करीत, तिकडे त्यांना भोपळे सापडले. पुढे प्रार्थना गळाली, पाव गेला, चॉकलेट आले. बाजाराने बाकीचे काम केले.

तेव्हा सैतानाचा सण म्हणून तो झिडकारणे बरोबर नाही. पण मुळात आपलाच सण आहे म्हणून डोळे मिटून स्वीकारणेही पुरेसे नाही. सण कुठून आला यापेक्षा तो आपल्या लेकराला काय शिकवतो, हे आपण पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, मुलांना भीतीशी खेळण्याची गरज असते. हे आपल्या पूर्वजांना चांगले कळत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात गावोगाव मारबत निघते. रोगराई, खोकला, डास, ढेकूण या साऱ्यांना नावे घेऊन, आरडाओरडा करून गावाबाहेर घालवले जाते. लहान पोरे त्यात सर्वांत पुढे असतात. नागपुरात तर १८८०च्या दशकापासून काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघर जातात आणि त्यांच्या हातावर बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ पडतो. आश्विनात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यात खाऊ कोणता ते ओळखण्याचा खेळ खेळतात. घरोघर जाणे, सोंग, गाणी, खाऊ हे सारे आपल्याकडे आधीपासून आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेचे ऋणी व्हायला नको.

खेळात भीती लहान होते. अंधाराला घाबरणारे मूल स्वतःच भूत होऊन आईला 'भॉ' करते, आई घाबरल्याचे नाटक करते, आणि त्या क्षणी अंधाराची थोडी सत्ता कमी होते. आपल्या जंगलाच्या जिल्ह्यांत तर भीती काही पुस्तकातली नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. ज्या मुलाची आई पहाटे पानांना किंवा मोहफुले वेचायला जंगलात जाते, त्याला 'घाबरू नको' एवढे सांगून भागत नाही. त्याला धीर देणाऱ्या गोष्टी हव्यात, गाणी हवीत, सोबत हवी.

म्हणून खेळातल्या भुताला आमची हरकत नाही. आमची हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. भुताला माणसाचा चेहरा नसतो, चेटकिणीला मात्र असतो. तो चेहरा नेहमी एकाच तऱ्हेचा असतो : म्हातारी, कुरूप, एकटी बाई.

ती टोकदार टोपीवाली चेटकीण आज चित्रात मजेशीर दिसते. पण त्या चित्रामागे खऱ्या स्त्रिया उभ्या आहेत. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपमध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार माणसांना ठार मारण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया होत्या. हे करणारे लोक ख्रिस्ती होते, हे आपण खाली मान घालून कबूल केले पाहिजे. कॅथलिक गावांत हे घडले तसे प्रोटेस्टंट गावांतही घडले. पण त्याच काळात जर्मनीत येशू संघाचे एक धर्मगुरू होते, फ्रिडरिक श्पे. शिक्षा झालेल्या अशा स्त्रियांचे पापनिवेदन ऐकण्याचे काम त्यांनी केले होते. त्या निर्दोष आहेत याची त्यांना खात्री पटली. १६३१ साली त्यांनी नाव न घालता एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा साधा होता : यातना दिल्या तर कोणीही काहीही कबूल करील, मग त्या कबुलीला अर्थ काय? चार वर्षांनी, ट्रियर शहरात साथीने आजारी पडलेल्या सैनिकांची सेवा करताना त्यांना तोच रोग जडला आणि ते मरण पावले.

ही फार दूरची व फार जुनी गोष्ट वाटेल. पण ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावी, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रिया व पुरुष होते. १ मे २०२४ रोजी वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला व एका पुरुषाला जाळून मारण्यात आले. हे एखाद्या जातीचे किंवा जमातीचे दुखणे आहे असे समजून कोणी नाक मुरडू नये. युरोपातल्या शिकल्यासवरल्या न्यायाधीशांनी तेच केले होते.

आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवते असे भासवून तिला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना गाव ठाऊक होते. म्हशीचे दूध आटते, लेकराला ताप येतो, औषधाने उतार पडत नाही, आणि मग कोणीतरी हळूच विचारते, "हे कोणी केले?" तापाला चेहरा नसतो. दुःखात माणसाला चेहरा हवा असतो. आणि तो आधीच तयार असतो.

इथे कोणी म्हणेल, "अहो, पुठ्ठ्याच्या टोपीने कोणी खुनी होत नाही." खरे आहे. ती चिमुकली मोठी होऊन कोणाला मारणार नाही, आणि टोपी करून देणाऱ्या तिच्या आईच्या मनात तर काहीच नव्हते. अमेरिकेतल्या एखाद्या गल्लीत ही टोपी कदाचित निरुपद्रवी असेलही. कारण तिथल्या म्हातारीला आज त्या शब्दाने कोणी खांबाला बांधत नाही. पण आपल्या नळावर तो शब्द अजून जिवंत आहे. काडी तीच असते. ओल्या अंगणात पडली तर विझते, वाळल्या तणसाच्या ढिगावर पडली तर विझत नाही. आपण कुठे राहतो, हे पाहूनच काडीशी खेळायचे की नाही ते ठरवावे लागते.

आपल्या जुन्या प्रथांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. नागपूरची काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसले घराण्यातील बांकाबाई, असे बरेच लोक सांगतात. खरे काय असेल ते असो. पण रोगराईला हाकलता हाकलता लोकांनी तिला एका बाईचे नाव दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. खोकला, डास, ढेकूण इथवर सारे ठीक असते. चेहरा आला की खेळ बदलतो.

आता प्रभू येशूकडे पाहू या. शुभवर्तमानात शिष्यांना भूत दिसल्याचे दोन प्रसंग आहेत. एकदा वादळी रात्री सरोवरावर, पाण्यावरून कोणीतरी चालत येताना पाहून ते भूत समजून ओरडले. दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर बंद खोलीत. दोन्ही वेळा ते भूत नव्हते, प्रभू स्वतः होता. त्याने त्यांच्या भित्रेपणाची टर उडवली नाही. पाण्यावर त्याने आधी आपली ओळख दिली. खोलीत त्याने हातपाय दाखवले, मला हात लावून पाहा म्हणाला, आणि मग खायला काही आहे का असे विचारले. त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला, तो त्याने त्यांच्यासमोर खाल्ला. वैनगंगेकाठच्या कोणाही माणसाला पटावी अशी ही खूण आहे. भूत काही मासा खात नाही. ज्याला आपण भितो त्याच्या जवळ जावे, त्याच्या हाताला हात लावावा, त्याच्याबरोबर चार घास खावेत. मग भूत उरत नाही, माणूस उरतो.

आणि जन्मांधाची गोष्ट आठवा. शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? तोच तो "हे कोणी केले?" चा प्रश्न. प्रभूने कोणाकडेही बोट दाखवले नाही. त्याने माती कालवली आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावली. दोषी शोधण्यापेक्षा औषधाला हात घातला.

आपण स्वतः मात्र काय करतो? सकाळी मिस्सेत शांतीची खूण देतो आणि संध्याकाळी ताप उतरत नाही म्हणून गुपचूप मांत्रिकाचा दोरा बांधून घेतो. असे करणारी घरे आपल्या धर्मग्रामात नाहीत असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. जेवत नाही म्हणून मुलाला बागुलबुवा दाखवतो, 'देव शिक्षा करील' असे धमकावतो, आणि ज्या म्हातारीबद्दल कुजबूज आहे तिच्या घरचा चहा टाळतो. आपण तिला कधी चेटकीण म्हटले नाही, हे खरे. पण इतरांनी म्हटले तेव्हा आपण काय म्हणालो?

यंदा कार्यक्रम जरूर करू या. मात्र त्यातली मुख्य पात्र बदलू या. भोपळा म्हटला की आपल्या लेकरांना अमेरिकेच्या आधी दुसरीच गोष्ट आठवायला हवी. एक म्हातारी एकटीच जंगलातून लेकीच्या गावाला निघते. वाटेत वाघ-कोल्हे तिला खायला टपतात. ती त्यांना गोड बोलून थोपवते, लेकीकडे चांगली धष्टपुष्ट होते, आणि भोपळ्यात बसून त्यांच्या डोळ्यांदेखत घरी परतते. मराठी घराघरांत ही गोष्ट सांगितली जाते, पण तिच्यात किती शहाणपण आहे हे आम्हांला इतकी वर्षे सुचले नव्हते. तिच्यात जंगल आहे, वाघ आहे, भीती आहे, आणि भोपळाही आहे. फक्त तिथे म्हातारी भीतीचे कारण नाही. भीतीवर मात करून सुखरूप घरी पोचणारी ती आहे. टोपीवाल्या चेटकिणीच्या जागी आपल्या मुलांनी ही म्हातारी व्हावे. पांढऱ्या सुताचे केस लावावेत, हातात काठी घ्यावी, आणि सर्वांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात.

बेत साधा आहे. ३१ तारखेला दुपारी मुलांनी जमावे. बांबूच्या कामट्या व नारिंगी कागद वापरून भोपळ्याच्या आकाराचे कंदील करू. आकाशकंदील करणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. कागदी कंदिलात लहान मुलांनी मेणबत्ती लावू नये, छोटा विजेरी दिवा ठेवावा. वाघाच्या गोष्टीवर मुलांनी स्वतःच दोन-चार ओळींची गाणी जुळवावीत. ती वेडीवाकडी झाली तरी चालतील. दिवेलागणीच्या आत सर्वांनी घरी पोचावे. रात्री घरोघर हिंडण्याचा अमेरिकी रिवाज आपल्या जंगलाला परवडणारा नाही. १ नोव्हेंबरला ज्यांना संतांचे सोंग घ्यायचे आहे त्यांनी घ्यावे. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत, संत अल्फोन्सा आहेत, कोलकात्याच्या संत तेरेसा आहेत, आणि २०२२ साली संतपद लाभलेले पहिले भारतीय प्रापंचिक संत देवसहायम आहेत. २ तारखेला मिस्सेनंतर मुलांनी मोठ्यांबरोबर कबरस्थानात जावे. गवत काढावे, प्रत्येक कबरीवर एक फूल ठेवावे. ज्या कबरीला कोणी वाली नाही, तिला आधी.

आणि एक शेवटचे काम. जुन्या काळी मुले घरोघर जाऊन पाव मागत. आपल्या मुलांनी त्याच दिवशी पळसाच्या द्रोणात थोडा खाऊ घेऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जावे. ती ख्रिस्ती असोत वा नसोत. खाऊ द्यावा, तिथेच बसून त्यांच्याबरोबर खावा, आणि एक गोष्ट मागून आणावी. अशा घरांची यादी आम्ही केली आहे. तिच्यात पहिले घर नळाजवळच्या त्या आजींचे आहे. त्यांना भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट येते का, असे आम्ही विचारायला गेलो होतो. त्यांनी आधी आम्हांला बसायला पाट दिला आणि मग म्हणाल्या, "येते, पण पोरं आली पायजे."

प्रभू आपल्या लेकरांना भीतीपासून सोडवो, आणि आपल्यामुळे कोणाला भीती वाटणार नाही अशी कृपा आपल्याला देवो.